थिएटरात कोण कुठं हसतं

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण. वेळेअभावी जे बोलायचं राहिलं, ते लिहून काढताना घातलं आहे.)



कमिटीनं मला विषय दिला होता ‘25 वर्षांचा ताळेबंद’. बँकेत 36 वर्षं काढलेल्या माणसाला दुसरा विषय देणार तरी काय? पण ताळेबंद आपल्या खजिनदारांनी मघाशी माझ्यापेक्षा चांगला मांडला. बोअर, लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, 2019 च्या महापुरात गावभागातले पाहुणे आपल्याकडं विश्रामबागला येऊन राहिले त्या दिवसांचा टँकर, सगळं आलं. एक बाब तेवढी राहिली, कारण तिला खर्चच नाही. ती म्हणजे पार्किंगमधला सिनेमा. कमिटीच्या परवानगीनं मी त्यावर बोलतो.

नव्यानं राहायला आलेल्यांसाठी थोडं मागचं सांगतो. कोरोनाची दोन वर्षं आपण एकमेकांना गॅलरीतूनच बघत होतो. 2022 च्या थंडीत बी विंगमधल्या एका मुलानं कुठूनसा प्रोजेक्टर आणला, पार्किंगच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि महिन्यातून एका शनिवारी सिनेमा सुरू झाला. काढला होता ज्येष्ठांसाठी. पण पोरं पुढं सतरंजीवर येऊन बसायला लागली, मागं आम्ही आपापल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन, आणि मधली पिढी बाजूला उभ्यानं, मोबाइल हातात धरून, म्हणजे ‘आम्ही काही बघत नाही, सहज थांबलोय’ अशा थाटात. सिनेमा निवडायला तिघांची समिती नेमली. त्यात मी.

पहिलाच सिनेमा चुकला. आम्ही ‘बागबान’ लावला. 2003 सालचा, अमिताभ आणि हेमामालिनी, मुलं आई-बापांना आपसांत वाटून घेतात ती गोष्ट. खुर्च्यांमधून हुंदके यायला लागले. दिवे लागले तेव्हा एरवी चहा होईपर्यंत गप्पा मारणाऱ्या आपल्या सुना कपाला हात न लावता वर गेल्या. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलेना. एका सुनेनं मला जिन्यात गाठून विचारलं, “काका, तो सिनेमा आमच्यासाठी लावला होता काय?” मी म्हटलं, नाही हो, सीडी दुकानदाराच्या काळापासून ऐकून होतो, म्हणून लावला. पण तिचं काही चुकत नव्हतं. राजा परांजप्यांचा ‘ऊन पाऊस’ 1954 सालचा. तो बघून आमच्या आईनं आठवडाभर डोळे पुसले, असं घरात सांगायचे. तेव्हापासून म्हाताऱ्या माणसाला मुख्य काम दिलं की प्रेक्षकाच्या हातात रुमाल द्यायचा, ही आपल्याकडची वहिवाटच आहे. म्हणून समितीनं तोंडी ठराव केला : ज्येष्ठ कलाकार चालतील, रडकं नको. हलकंफुलकं बघा.

तसे सिनेमे शोधायला बसलो तर अगदीच कमी नाहीत. ‘खट्टा मीठा’, ‘शौकीन’, ‘102 नॉट आउट’, ‘बधाई हो’, मराठीत ‘झिम्मा’. एकेक करून लावले. आणि मला बँकेतली जुनी खोड आहे, समोर काही घडलं की नोंद करायची. एका जुन्या डायरीत दोन रकाने पाडले. एक ‘सतरंजी’, एक ‘खुर्ची’. कोण कुठं हसलं ते अंधारात टॉर्च लावून टिपायला लागलो. आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, “सिनेमा बघताय की कॅश मोजताय?” दोन्ही, म्हटलं.

त्या डायरीतलं पहिलं निरीक्षण असं की खुर्चीवाले दोन हप्त्यांत हसतात. पडद्यावर विनोद झाला की सतरंजी लगेच हसते. खुर्च्यांमध्ये ज्यांना ऐकू आलं ते हसतात. मग ज्यांना ऐकू आलं नाही ते शेजाऱ्याला विचारतात, “काय म्हणाला?” शेजारी सांगतो. मग दुसरा हप्ता. तोपर्यंत पडद्यावर पुढचा विनोद होऊन गेलेला असतो, तो कुणालाच कळत नाही. एकदा तर शेजाऱ्यानं सांगितलेला विनोद मूळच्या विनोदापेक्षा चांगला होता, सगळी मागची ओळ त्यावरच हसली.

दुसरं म्हणजे सतरंजीला म्हातारा माणूस नाचला, पडला, शिवी दिली की हसू येतं. खुर्चीला त्यानं काही येत नाही. खुर्ची हसते ती गोळ्यांच्या डबीला. कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधण्याला. नातवानं मोबाइलवर काहीतरी दोनदा दाखवून तिसऱ्यांदा सुस्कारा टाकण्याला. ‘बधाई हो’मध्ये मोठी मुलं असलेल्या बाईला पुन्हा दिवस जातात. त्यातल्या आजीच्या, म्हणजे सुरेखा सिक्रींच्या, प्रत्येक वाक्याला आपल्या बायका अशा हसत होत्या की जणू समोर आपलीच सासू आहे. मग तीच आजी सुनेची बाजू घेऊन घरच्यांना झाडते, त्या जागी टाळ्या पडल्या. टाळ्या कुणाच्या? डायरीत लिहिलंय : मधल्या पिढीच्या. मोबाइल खिशात ठेवून.

‘102 नॉट आउट’ची गंमत वेगळी. 2018 चा सिनेमा, सौम्य जोशींच्या गुजराती नाटकावरून केलेला. बाप 102 वर्षांचा, अमिताभ. मुलगा 75 वर्षांचा, ऋषी कपूर. बापाला जगातल्या सगळ्यात जास्त जगलेल्या माणसाचा विक्रम मोडायचाय आणि हा मुलगा 75 व्या वर्षीच म्हातारा होऊन बसलाय, तर बाप त्यालाच वृद्धाश्रमात पाठवायला निघतो. पोरं खूष. पण खुर्च्यांमध्ये सरळ दोन तट पडले. अर्धे म्हणाले, बाप बरोबर. अर्धे म्हणाले, बाप आगाऊ आहे, मुलाला जरा निवांत बसू दे की. मी 74 चा, मी मुलाच्या बाजूनं होतो. परदेशातल्या नातवाचा विषय आला तेव्हा मात्र दोन्ही तट एकदम गप्प. ज्यांची मुलं पुण्याला आहेत तेही गप्प, ज्यांची अमेरिकेला आहेत तेही. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना दोघांनी मला हळूच विचारलं, नॉमिनी बदलायचा फॉर्म कुठं मिळतो. सिनेमाचा एवढा तत्काळ परिणाम मी दुसरा पाहिलेला नाही.

‘बाईपण भारी देवा’ 2023 च्या पावसाळ्यात आला तो आपण पार्किंगमध्ये लावायचा प्रश्नच नव्हता. आपल्या 19 बायका ठरवून थिएटरला गेल्या, काही नऊवारीत आणि वर काळे गॉगल. सगळ्या महाराष्ट्रात तेच चाललं होतं. वंदना गुप्ते, रोहिणी हट्टंगडी यांच्या वयाच्या नट्या मंगळागौरीचे खेळ खेळतायत आणि थिएटरातल्या बायका पडद्यापुढं फुगड्या घालतायत. आम्ही नवरेमंडळी बाहेर स्कूटरवर बसून. आतून आवाज यायचा, मग शांतता, मग पुन्हा आवाज. परत येताना सौ. मागच्या सीटवर काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “आम्ही सहा बहिणी असतो तर बरं झालं असतं.” तिला एक बहीण आहे, इचलकरंजीला. बोलणं नव्हतं चार वर्षं, वाटणीवरून. त्या रात्री फोन केला. एवढंच सांगतो, बाकीचं तिनं सांगायला परवानगी दिलेली नाही.

आता मी ज्या मुद्द्यासाठी उभा राहिलोय तो. अशोक सराफ. त्यांच्याबद्दल आम्हां बँकवाल्यांना जरा जास्तच आपुलकी, कारण नट म्हणून नाव होण्याआधी ते स्टेट बँकेत नोकरीला होते. 1985 चा ‘धूमधडाका’ आठवा. त्यात ते म्हाताऱ्याचं सोंग घेतात, श्रीमंत यदुनाथ जवळकर. तोंडात पाइप आणि तो खोकला. त्या खोकल्यावर थिएटर अक्षरशः लोळायचं. मी तेव्हा पस्तिशीच्या आतला, मीही लोळलो. अशोक सराफांचं स्वतःचं वय तेव्हा 38. जन्म 1947 चा. 2025 च्या एप्रिलमध्ये ‘अशी ही जमवा जमवी’ आला, त्यात ते आणि वंदना गुप्ते. म्हणजे सोंग नाही, खरंच उतारवयातली दोन माणसं. आम्ही सोसायटीतले 11 जण दुपारच्या शोला गेलो. खरं सांगतो, उन्हाळा होता आणि थिएटरला एसी होता, हेही एक कारण.

थिएटरात पुढच्या बाजूला कॉलेजची आठ-दहा मुलं-मुली होती. विलिंग्डनची असतील नाहीतर वालचंदची. मी डायरी घेऊन गेलो नव्हतो पण कान उघडे होते. अशोक सराफांचं नुसतं टायमिंग बघून ती मुलं हसत होती, तेच टायमिंग, चाळीस वर्षांपूर्वीचं. पण पडद्यावर ती दोन वडीलधारी माणसं एकमेकांकडं जरा मायेनं बघायला लागली की एक वेगळं हसू ऐकू यायचं. दबकं. नाकातून आल्यासारखं. कोपरानं शेजाऱ्याला ढोसून हसतात ना, तसं. मला वाटलं पोरं असणार. वळून बघितलं. पोरं शांत बसून बघत होती. ते हसू आमच्याच रांगेतून येत होतं. आम्हां अकरांपैकी चौघा-पाचांचं. आणि त्यातला एक आवाज माझा होता.

हे हसू कुठनं आलं, याचा मी त्या दिवसापासून विचार करतोय. मला त्याचं गाव सापडलंय, आणि ते इथनं फार लांब नाही.

मी मूळचा हरिपूरचा. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, हळदीची पेवं. आणि गोविंद बल्लाळ देवल. सांगली नाट्यपंढरी म्हणवते ती 1843 च्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’मुळं, पण आम्हां हरिपूरकरांना देवल जास्त जवळचे. त्यांचं ‘संगीत शारदा’ 1899 चं. पंचाहत्तरीकडं झुकलेला भुजंगनाथ, पैसे मोजून एका गरीब भिक्षुकाची कोवळी पोर बायको करायला निघालेला. दात पडलेले, कलप लावलेला, तरुण दिसायची धडपड. त्याला लोक हसले, आणि हसायलाच पाहिजे होतं. त्या काळात असली लग्नं घरोघर होत होती. देवलांनी त्या म्हाताऱ्याला असा हास्यास्पद करून ठेवला की पुढं कुणाला असलं लग्न ताठ मानेनं करता येईना. (जाता जाता : बालविवाहाविरुद्धचा 1929 चा ‘शारदा कायदा’ या नाटकावरून नाव पडलेला नाही. तो हरबिलास सारडा या गृहस्थांच्या आडनावावरून आला. मीही कितीतरी वर्षं उलटंच सांगत होतो.)

पण झालं काय, भुजंगनाथ हा शब्द आमच्याकडं राहिला, आणि त्याचा गुन्हा काय होता ते मात्र पुसट झालं. त्याचा गुन्हा वय नव्हता. पोर विकत घेणं हा होता. आपण हसायचं शिकलो ते वयाला. म्हातारा, आणि त्याच्या मनात जोडीदाराचा विचार, एवढं दिसलं की हसायचं. 1982 च्या ‘शौकीन’मध्ये अशोककुमार, उत्पल दत्त आणि ए. के. हंगल गोव्याला मजा मारायला जातात, तिथं हसणं ठीक आहे, ते म्हातारे स्वतःचं हसं स्वतःच करून घेतात. पण प्रत्येक म्हातारा काही गोव्याला निघालेला नसतो.

आमचे वडील, अण्णा, शिक्षक होते. तरुणपणी गणपतीत गावच्या हौशी मंडळींनी ‘शारदा’ केलं होतं त्यात अण्णांनी भुजंगनाथाचं काम केलं. वय असेल पंचविशीचं. वाकून, काठी टेकत, तोंड चोळामोळा करून ते असे चालायचे की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पुढं 30 वर्षं लग्नाकार्यात कुणीतरी म्हणायचंच, “अण्णा, एकदा भुजंगनाथ होऊ दे.” आणि ते करून दाखवायचे.

1983 ला आमची आई गेली. अण्णा साठीला आले होते. मी नोकरीनिमित्त कराडला, धाकटा भाऊ मुंबईला. अण्णा हरिपुरात एकटे. सायकलनं सांगलीत नगर वाचनालयात जायचे, पुस्तक बदलायचे, परत यायचे. तिथं त्यांची एका बाईंशी ओळख झाली. त्याही शिक्षिका, विधवा, वय 57. मुलं मार्गी लागलेली. पुस्तकांवरून बोलणं व्हायचं. हे सगळं आम्हांला नंतर कळलं.

1986 साली गौरी-गणपतीला सगळे घरी जमलो होतो. जेवणं झाली. ओसरीवर पानाचा डबा फिरत होता. अण्णा म्हणाले, “एक विचारायचं होतं.” आणि त्यांनी सांगितलं. फार थोडक्यात. दोघं एकत्र राहिलो तर बरं पडेल, रीतसर लग्न करून, तुमची हरकत नसेल तर.

दोन क्षण कुणी बोललं नाही. मग आमचे तात्या, अण्णांचे चुलतभाऊ, म्हणाले, “वा! भुजंगनाथ परत रंगभूमीवर!”

सगळे हसले. भाऊ हसला, वहिन्या आतून हसल्या, मी हसलो. हसू ओसरल्यावर मी जबाबदार माणूस म्हणून एक मुद्दा मांडला. म्हटलं, “अण्णा, त्यांना नवऱ्याची फॅमिली पेन्शन असेल ना? पुनर्विवाह केला तर ती बंद होते.” नियम बरोबर होता. बँकेत विधवा बायकांचे असे दाखले मी स्वतः घेत होतो, पुनर्विवाह केलेला नाही म्हणून सही करायची. मी नियम सांगितला आणि मला वाटलं मी अण्णांचं भलंच बघतोय.

अण्णा हसले. आमच्यापेक्षा मोठ्यानं हसले. उठले, खुंटीवरची काठी घेतली आणि ओसरीवर वाकून, तोंड चोळामोळा करून भुजंगनाथासारखे चार पावलं चालले. पोरंटोरं पोट धरून हसायला लागली. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. मग अण्णांनी काठी परत खुंटीला लावली आणि म्हणाले, “चला, आरतीची वेळ झाली.”

विषय संपला. पुन्हा त्यांनी कधी काढला नाही, आम्हीही नाही. वाचनालयाचं पुस्तक त्यानंतर ते शेजारच्या मुलाच्या हाती बदलून आणायचे. गुडघे दुखतात म्हणायचे. शेतातल्या पेवापर्यंत मात्र रोज चालत जायचे. 1994 साली गेले. शेवटची आठ वर्षं त्या घरात एकटेच होते.

मी हे इथं कधी बोललो नव्हतो. घरातही फारसं नाही. पार्किंगमध्ये ‘खट्टा मीठा’ लावला नसता तर आजही बोललो नसतो.

बासू चटर्जींचा हा सिनेमा 1978 चा. मी तेव्हा 27 वर्षांचा, नुकतं लग्न झालेला, बँकेतल्या मित्रांबरोबर बघितला होता. मुंबईतलं पारशी कुटुंब. होमी मिस्त्री विधुर, त्याला चार मुलगे. नर्गिस सेठना विधवा, तिला दोन मुलगे, एक मुलगी. अशोककुमार आणि पर्ल पदमसी. मध्यस्थ डेव्हिड. दोघं लग्न करतात आणि मग दोन्हीकडची पोरं एका छोट्या घरात कोंबली जातात, त्यांची भांडणं, रुसवे, मग हळूहळू जमणं. कुणी खलनायक नाही, कुणी कुणाला थोबाडीत मारत नाही. आम्ही तेव्हा भरपूर हसलो होतो. आणि मला आठवतं, सिनेमा आवडला होता. म्हणजे बघा, पडद्यावर म्हातारा विधुर लग्न करतो ते मला आवडलं होतं, आणि आठ वर्षांनी ओसरीवर नाही आवडलं. सिनेमातली माणसं पारशी होती, मुंबईची होती. आपली नव्हती.

या जानेवारीत तो लावला, माझ्याच आग्रहावरून. थंडी होती, सगळे शाली-स्वेटरात. पोरांचे हसायचे टप्पे ठरलेले, संडासासाठी रांग, भावंडांची मारामारी. मग ती दोघं लग्नाचं आपापल्या मुलांना सांगतात, त्या जागेची मी वाट बघत होतो. पेन हातात होतं. आणि झालं तसंच. सतरंजी शांत. खुर्च्यांमधून ते दबकं हसू आलं. कुणीतरी काहीतरी कुजबुजलं, त्यावर आणखी थोडं हसू. त्याच वेळी मागं एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी उठून गेलं. कोण ते अंधारात दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी मी सांगितलं नसतं. लिफ्ट वर गेली. कितव्या मजल्यावर थांबली तेही मी बघितलं नाही, मुद्दाम.

माझ्या पुढं सतरंजीवर ए विंगमधली एक पोरगी होती, सातवी-आठवीची. तिनं मान वळवून मला विचारलं, “आजोबा, तुम्ही सगळे का हसलात? त्यात जोक काय होता?” मी म्हटलं, “काही नाही गं, पुढं बघ.” त्या रात्री मी डायरीत काही लिहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, नाना, रौप्यमहोत्सवात हे काय घेऊन बसलात. सांगतो. 2000 साली आपण सोसायटी नोंदवली तेव्हा आपल्यातले बहुतेक पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं होतो. आज आपल्या 32 फ्लॅटपैकी 9 फ्लॅटमध्ये एकेकटं माणूस राहतंय. हा आकडा मी मेंटेनन्सच्या रजिस्टरवरून काढलाय, चुकला असेल तर सेक्रेटरींनी दुरुस्त करावा. गेटजवळच्या बाकावर संध्याकाळी आम्ही बसतो तेव्हा कोण कुणाबरोबर शंभर फुटी रस्त्याला फिरायला गेलं, कुणाच्या डब्यात कुणाची भाजी गेली, यावर बोलणं होतं. आणि तेच हसू होतं. मी त्या बाकावरचा जुना सभासद आहे, त्यामुळं मला माहीत आहे. बोलण्यात वाईट काही नसतं. तात्यांच्या बोलण्यातही नव्हतं. तात्या अण्णांवर जीव टाकायचे.

पुण्याला आता ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मेळावे होतात, पेपरात येतं. पेन्शनचा प्रश्न आजही असतो, म्हणून काहीजण लग्न न करता एकत्र राहतात. त्यावर मत देण्याचा मला अधिकार नाही, माझी सौ. देवाच्या दयेनं समोर बसली आहे आणि मघापासून घड्याळ दाखवते आहे. मी फक्त बाकापुरतं बोलतोय. मी तिथं आता त्या विषयावर हसत नाही. सुरुवातीला अवघड गेलं, कारण चारजण हसतात तेव्हा न हसणारा माणूस शिष्ट वाटतो. दोघांनी विचारलंही, “काय नाना, बीपी वाढलंय काय?” असेल, म्हटलं.

नोव्हेंबरात आपण पेन्शनर हयातीचा दाखला देतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, पण माझ्या वेळेला काउंटरवर यावं लागायचं. सत्तरी-ऐंशीची माणसं रांगेत उभी राहून आपण जिवंत असल्याचं सही करून सांगायची. आम्ही तरुण कारकून आत त्यावर विनोद करायचो. एक आजोबा एकदा म्हणाले, “बाळा, सहीपेक्षा मला एक विनोद सांग, हसलो तर जिवंत समज.” सगळा हॉल हसला, तेही हसले. ते हसू मला चालतं. ते त्यांनी स्वतः होऊन दिलं होतं.

असो. वेळ झाली. सिनेमा समितीच्या वतीनं दोन सूचना आहेत. पुढच्या शनिवारी साडेसातला ‘झिम्मा’ परत लावतोय, महिला मंडळाच्या आग्रहावरून. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी पहिली रांग राखून ठेवलीय आणि खाली अक्षरं दिसतील अशी सोय बी विंगचा मुलगा करणार आहे, म्हणजे दुसरा हप्ता बंद होईल. त्याच्या पुढच्या महिन्यात ‘खट्टा मीठा’ पुन्हा लावावा असं मी समितीत मांडलंय. दोघे तयार आहेत. मागच्या वेळी जे अर्ध्यातून उठून गेले, त्यांचा तो राहिलेला आहे. खुर्ची आपापली आणावी, चहा माझ्याकडून.